मीठुं बंध

सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत लग्न असो, जागरण असो, की कुणाचं तेरावं, चुलीवर रशी उकळायला लागली की बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, "जिजीले बलाव."

सुंदराजिजी यायची. पदर खोचायची, पातेल्यावर वाकून एकदा वाफ नाकात घ्यायची, आणि मिठाच्या डब्यात हात घालून मूठ बाहेर काढायची. मुठीतलं थोडं परत डब्यात सोडायची, उरलेलं पातेल्यात. झालं. चाखणं नाही, विचारणं नाही. देवाचं आणि पितरांचं जेवण आधी चाखता येत नाही, उष्टं होतं. त्यामुळं मीठ टाकणारा हात खात्रीचा लागतो. तो हात गल्लीत एकच होता. दीडशे माणसांची रशी असली तरी जिजीचं मीठ कधी इकडचं तिकडं झालं नाही.

दुसरं तिचं काम मांड्यांचं. रशी ही मांड्यांचीच जोडीदारीण, पुरणाच्या पाण्याची तिखट आमटी. पुण्यामुंबईकडचे लोक पुरणपोळी लाटतात. आमच्या खान्देशात ती लाटत नाहीत, हातावर वाढवतात. पुरण भरलेला गोळा पालथ्या हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. जिजीचं खापर गावाहून आलेलं, पारोळ्याकडच्या कुंभाराचं. सुरतेला येताना सामान म्हणून तिनं एक पेटी आणली होती आणि मांडीवर हे खापर.

तिचा नवरा हिलाल, आम्ही त्याला हिलालआप्पा म्हणायचो. तीस वर्षं पांडेसऱ्यात, कापड रंगवायच्या कारखान्यात. आत वाफ अशी की माणूस चार हातांवर दिसायचा नाही. आप्पा घरी यायचा तेव्हा बनियनवर पांढरे पट्टे उमटलेले असायचे, घाम वाळून मीठ राहायचं त्याचे. जिजी ते बनियन धुवायला घेताना नखानं खरवडून बघायची आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मिरचीचा खुडा, म्हणजे आमचा ठेचा, जरा जास्त खारट घालायची. "आंगमाईन गयं तितलं परत टाकनं पडस," म्हणायची. अंगातून गेलेलं परत घालायचं. तीस वर्षं तिनं हा हिशोब पाळला. नवऱ्यावर माया करायची दुसरी कुठली रीत तिला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

आप्पाला मात्र ओढ गोडाची. मांडा दुधात कुस्करून खायचा. चहा असा की चमचा उभा राहील. जेवण झाल्यावर गुळाचा खडा गालात धरून उंबऱ्यावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खोडी काढायचा.

दोन वर्षांमागं दिवाळीनंतर आप्पाच्या पायांना सूज आली. आधी चपलेचा पट्टा लागेना, मग पोटऱ्या फुगल्या. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. जिना चढताना छाती भरून यायची. शेजारच्या वाल्मिकनं रिक्षात घालून दोघांना दवाखान्यात नेलं. तो रिक्षा लावायला जागा शोधत राहिला आणि नवरा-बायको आत गेली.

बाहेर पन्नास माणसं ताटकळत होती. डॉक्टरनं पाय दाबले, छातीला नळी लावली, फोटो बघितला आणि जिजीकडं तोंड करून म्हणाला, "बेन, काकाने मीठुं बंध करावी दो. बिलकुल बंध. एमना माटे मीठुं झेर छे, झेर."

झेर म्हणजे विष हे जिजीला कळलं. आणि मीठुंही कळलं, असं तिला वाटलं.

इथं मला थांबून सांगायला पाहिजे. जिजी नुकती गावाहून आलेली असती तर तिनं मीठुं ऐकून मीठच समजलं असतं. आमच्या अहिराणीत मीठ म्हणजे मीठ आणि गोड म्हणजे गोड, त्यात गोंधळ नाही. पण तीस वर्षं ती सुरतेत राहिली होती. 'मीठी चा' म्हणजे गोड चहा, 'मीठुं पान' म्हणजे गोड पान, मिठाई तर मिठाईच. शेजारची युपीवाली बाई साखरेच्या दुखण्याला 'मीठा बंद है' म्हणायची. गल्लीत निम्म्या घरांत शुगर. जिजीचा कान शहरात राहून शहाणा झाला होता, आणि त्या शहाण्या कानानंच तिला सांगितलं की डॉक्टर गोड बंद करायला सांगतोय.

तरी खात्री करावी म्हणून तिनं विचारलं, "साब, मीठी चा बी नै?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होता. सूज आलेल्याला पाणीच कमी द्यायचं असतं. मान वर न करता तो म्हणाला, "चा पण ओछी."

चहापण कमी. झाली खात्री. सोबत त्यानं एक छापील कागद दिला, काय खायचं नाही त्याचा. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. जिजी मराठी चौथी शिकलेली, त्या अक्षरांना ती 'बिनपदरनी अक्षरं' म्हणायची. तिला ती वाचता येत नव्हती आणि आप्पा तर अंगठेबहाद्दर. कागद तिनं देवाच्या फोटोमागं खोचून ठेवला.

त्याच दिवशी घरातलं गोड गेलं. साखरेचा डबा वाल्मिकच्या बायकोला, गूळ गायीला. जिजीनं स्वतःही बिनसाखरेचा चहा धरला. घरात वास नको म्हणे, जीव ओढतो. संक्रांत तिळगुळाशिवाय गेली. माघात गल्लीत तीन लग्नं झाली, तिन्ही ठिकाणी जिजीनं मांडे टाकले आणि घरी येताना नवऱ्यासाठी घासभरही आणला नाही.

गोड काढून घेतलं तर दुसरं काहीतरी ताटात पाहिजे. माणूस जेवणार कशाच्या जोरावर? मग तिनं आप्पाला कळण्याची भाकरी सुरू केली. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. मीठ वरून घालत नाहीत, धान्यासोबत जात्यातूनच येतं. त्यासोबत खुडा, खारातल्या मिरच्या, भाजलेले उडदाचे पापड, गावाहून आलेल्या ज्वारीच्या बिबड्या. चहा कडू म्हणून त्यासोबत तोंडी लावायला खारी शेव. आप्पा मिटक्या मारत खायचा. जेवणात त्याची तक्रार नव्हतीच. पण जेवण झाल्यावर जीभ गालात गूळ शोधायची.

फाल्गुनात एकदा आप्पाच्या पानाच्या डब्यात जिजीला गुळाचा खडा सापडला. उंबऱ्यावर चारजण बसले होते, काशिनाथ होता, मीही होतो. हा काशिनाथ आप्पासोबत वीस वर्षं एकाच मशीनवर उभा राहिलेला. जिजीनं डबा उघडला, खडा उचलला.

"हाई काय शे?"

"इतलासाच शे ना व."

"मरानं शे का तुम्ले?"

"गोड खाईसन मरसू. कडू पीसन काब मरू?"

आम्ही हसलो. जिजी हसली नाही. आप्पानं हात पुढं केला तेव्हा तिनं त्याच्या मनगटावर फटका मारला, लहान पोराला मारतात तसा, आणि खडा गटारीत फेकला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला चारचौघांत. आप्पा मनगट चोळत राहिला. काशिनाथनं विषय बदलून मशीनचं काहीतरी काढलं.

सूज उतरेना. उलट पोटावर चढली. वाल्मिक जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून द्यायचा. होळीनंतर परत दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरनं आप्पाचा पाय दाबला आणि कपाळाला आठी घातली.

"बेन, मीठुं बंध कर्युं हतुं के नै?"

जिजी ताठ उभी राहिली. "बिलकुल बंध, साब. एक दाणो पण नै."

एक दाणासुद्धा नाही. साखरेलाही दाणा असतो आणि मिठालाही. डॉक्टरला वाटलं बाई पथ्याची पक्की आहे, म्हणजे दुखणंच पुढं गेलंय. त्यानं गोळ्या वाढवल्या. जिजी घरी आली ती गल्लीभर सांगत, की डॉक्टर माझ्यावर खूश आहे.

मग आखाजी आली. तुम्ही तिला अक्षय तृतीया म्हणता. आमच्याकडं तो लेकींचा आणि मेलेल्यांचा सण. लेकी माहेरी येतात आणि पितरं जेवायला येतात. जिजीची लेक धनश्री नवसारीला दिलेली. ती गुजराती शाळेत बारावीपर्यंत शिकली, आता तिथं औषधाच्या दुकानात कामाला आहे. सासूच्या आजारपणात अडकली होती, दिवाळीपासून तिला येता आलं नव्हतं. फोनवर जिजी सांगायची, "बरं शे, पथ्य चालू शे," आणि आप्पा मागून ओरडायचा, "जेलमा शे मी!"

आखाजीला गल्लीत सामाईक चूल मांडली होती. जिजी खापरापुढं, सहा बायका गोळे करून देणाऱ्या. धनश्री आली, बापाचे पाय बघितले. बाहेर येऊन तिनं एक गरम मांडा उचलला, वाटीत दूध घेतलं आणि आत निघाली.

जिजीनं हातावरचा मांडा तसाच पाटावर टाकला आणि मागं धावली.

"बापले जहर देशी का?"

"काय झालं माय?"

"मीठुं बंद सांगेल शे डाक्टरनी. गोड एक दाना चालत नही."

धनश्रीनं वाटी खाली ठेवली. "आप्पाले शुगर कधी व्हयनी? मला कोणी बोललं नाही."

"कागद शे ना. वाच."

देवाच्या फोटोमागचा कागद धनश्रीनं काढला. चार ओळी होत्या. तिनं मनात वाचल्या, मग बापाच्या उशाशी असलेल्या ताटाकडं बघितलं. कळण्याची अर्धी भाकरी, खुडा, मिरच्या, पापडाचा चुरा. मग परत कागद वाचला, या वेळी मोठ्यानं. मीठुं, अथाणां, पापड, फरसाण, बधुं बंध. सगळं बंद.

"माय," ती म्हणाली, "मीठुं म्हंजे मीठ. आपलं मीठ. गोड नही."

"मीठी चा म्हंजे काय मंग?"

"ती गोड."

"आनि मीठुं?"

"कुठं गोड, कुठं मीठ. पण डॉक्टर बोलला तर मीठच. माय, अथाणां म्हंजे लोनचं. इथं लिहिलंय ना बाजूला."

जिजीनं कागद हातात घेतला आणि त्या बिनपदराच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, जसं काही आता वाचता येणार होतं. बाहेरून बायका हाका मारत होत्या, खापर तापून लाल झालंय, गोळे सुकतायत. ती गेली. उरलेले चाळीसेक मांडे तिनं एकामागून एक टाकले. एकही फाटला नाही. मीठ टाकायची वेळ आली तेव्हा रशीत मूठही टाकली, आणि त्या दिवशीची रशी नेहमीसारखीच झाली होती, मी खाल्ली आहे.

सगळं आटोपल्यावर ती हात धुऊन आप्पाच्या खाटेजवळ खाली बसली. धनश्री दाराशी होती. हे सगळं तिच्याकडूनच मला कळलं.

"आवो, आयका. मन्ही चूक व्हयनी."

"काय?"

"डाक्टरनी गोड बंद नव्हतं सांगेल. मीठ बंद सांगेल व्हतं."

आप्पाला ते पोचायला वेळ लागला. त्याचा श्वास आता वाक्यामध्ये तुटायचा. "म्हंजे, गोड चालनार व्हतं?"

"व्हय."

"सहा महिना?"

"व्हय."

"आनि तो गूळना खडा? मन्हा हातमाईन हिसकी लिधा तो?"

आप्पानं छताकडं बघितलं. धनश्रीला वाटलं आता शिवी येणार, भांडं फेकणार. तो म्हणाला, "च्या ठेव. चार चमचा साखर टाक."

साखर घरात नव्हती. वाल्मिकच्या घरून आणली. आप्पानं अर्धा कप प्यायला आणि कप बाजूला सारला. पोटात पाणी भरलेलं, जागाच नव्हती. "मस्त शे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धनश्रीनं त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. दहा दिवस ठेवलं, पोटातलं पाणी काढलं. तिथला एक डॉक्टर जळगावकडचा निघाला. जिजीनं त्याला सरळ विचारलं, "मन्हामुळे व्हयनं का हाई?"

तो म्हणाला, "आजी, हृदय आधीच थकलेलं होतं. एकट्या मिठानं काही होत नाही."

"म्हंजे मीठबी शे," जिजी म्हणाली. डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळला.

आप्पाला घरी सोडलं तेव्हा कडक उन्हाळा. त्यापुढचे दोन महिने जिजीनं जो स्वयंपाक केला तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड असावा. कळण्याचं पीठ तिनं वाटून टाकलं, कारण त्यातलं मीठ आता चाळून काढता येणार नव्हतं. नवीन ज्वारी नुसती दळून आणली. मिठाशिवाय चव कशी आणायची हे ती म्हातारपणी नव्यानं शिकत होती. वांगं काट्यांच्या जाळावर जास्त वेळ भाजायची म्हणजे धूर आत मुरतो. लिंबू पिळायची, कैरी किसून घालायची, लसूण तेलात लाल करायची, तीळ भाजून कुटायची. पहिल्या दिवशी भरीत वाढलं आणि समोर बसली.

"चव लागस का?"

"लागस."

"कसानी?"

"वांगानी. आतेपावत वांगं खादंच नही मी. तुन्हं मीठच खादं."

हे ऐकून ती जरा हसली. आप्पा ताट संपवायचा, बोटं चाटायचा, काशिनाथ आला की त्याला सांगायचा, "खाय रे, बिनमिठनं खाय, जवान व्हई जाशी." काशिनाथ एक घास खाऊन पाणी प्यायचा. मांडे, शिरा, गोड चहा, जे मागेल ते जिजी करून द्यायची. आता तो दोन घासांपुढं जात नव्हता.

आणि दुपारच्या उकाड्यात, कुणी बघत नाही असं वाटलं की, आप्पा वरच्या ओठावर आलेला घाम जिभेनं चाटायचा. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिजीनं ते चुलीपासून एकदा बघितलं. तिनं तोंड फिरवलं आणि लसूण सोलत राहिली.

आषाढात तो गेला. दुपारी जेवायला उठवायला गेली तर अंग गार होतं. ताट वाढून ठेवलेलं होतं.

गल्लीत बोलणारे बोललेच. कुणी म्हणालं बाईनं नवऱ्याला खारवून मारलं. कुणी म्हणालं कारखान्यानंच संपवला होता, मीठ निमित्त. जिजी पाण्याच्या रांगेत उभी असताना हे तिच्या कानावर यायचं. ती बादली भरून चालू लागायची.

कामं तिनं सोडली नाहीत. लग्नातले मांडे अजून तीच टाकते, हात तसाच चालतो. पण रशी उकळली, बायकांनी डबा पुढं केला की ती दोन पावलं मागं सरते.

"मीठ तू टाक."

"जिजी, चाखानं नही शे. आम्ले अंदाज कसा यी?"

"टाक. जसं पडी तसं पडी."

त्यामुळं आमच्या गल्लीचं जेवण आता कधी खारट होतं, कधी अळणी. लोक गप खातात.

यंदाच्या आखाजीला आप्पाची पहिली घागर होती. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी एका जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. तेवढ्या जेवणापुरता तोच पितर, तोच मेलेला माणूस. आप्पाचा पितर म्हणून जिजीनं काशिनाथला बोलावलं. तो अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आला. धनश्रीनं घागर भरली, निखाऱ्यावर घास टाकला. आम्ही बाकीचे समोर पंगतीत बसलो. आमची रशी वाल्मिकच्या बायकोनं केली होती, जरा खारटच.

काशिनाथच्या ताटात जिजीनं स्वतः वाढलं. मांडे, दूध, आमरस, कुरडई नाही, पापड नाही, आणि चुलीच्या कडेला ठेवलेल्या एका लहान पातेल्यातली वेगळी रशी. तिनं ती पहाटे उठून एकटीनं केली होती.

काशिनाथनं भुरका मारला. थांबला. परत एक मारला. खाली मान घालून हळूच म्हणाला, "जिजी, मीठ ऱ्हाई गयं वाटस."

"ऱ्हाई नही गयं," जिजी म्हणाली. "त्यास्ले डाक्टरनी बंद सांगेल शे."

काशिनाथनं एकदा तिच्याकडं बघितलं, मग वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळी पिऊन टाकली. जिजीनं पातेलं जवळ ओढून विचारलं, "आजून देऊ?"

"दे," तो म्हणाला.